दुसरं औषध

त्रिशलानं बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि बाटली जमिनीवरनं माझ्याकडं सरकवली.

"सिस्टर, दुसरं कायबी द्या. हे नको."

जानेवारीतली सकाळ होती. मगदुमांच्या पानमळ्यातल्या घरी, सोप्यात आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. तिच्या मांडीवर तिची अडीच वर्षांची राजमती झोपली होती. चार दिवसांमागं मळ्यात पानांची खुडणी चालू असताना पोरीला पहिली फिट आली. वेलींच्या सावलीत खेळता खेळता ती आडवी पडली, डोळे वर गेले, डावा हात आणि तोंड उडायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात दोन रात्री ठेवून, आकडीवरचं लाल औषध लिहून देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं होतं. ते औषध त्रिशला पोरीला पाजत नव्हती. म्हणून मला बोलावणं आलं होतं.

मी एस्तेर रणभिसे. नागरहट्टीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. गाव मिरजेपासून वीस-बावीस किलोमीटर, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. सगळे मला सिस्टर म्हणत, म्हातारी माणसं इस्तरबाई म्हणत. लस नको म्हणून कोठीत लपणाऱ्या बाया मी बाहेर काढल्या होत्या, गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या गरोदर पोरींना समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या होत्या. आयांची भीती मोडण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. आणि राजमती तर माझ्याच हातावर जन्मलेली.

"काय वाईट आहे या औषधात?" मी विचारलं.

"जिनूला ह्येच देत हुतो. तवा दवाखाना दुसरा हुता."

जिनू तिचा पहिला मुलगा. चार वर्षांपूर्वी गेला होता. त्यालाही दीड वर्षाचा असताना अशाच फिट यायला लागल्या. फिट थांबल्या, पण दोनेक महिन्यांत पोर हळदीसारखं पिवळं झालं, पोट फुगलं आणि आठ दिवसांत संपलं. तेव्हा मी गावातच होते.

"जिनूला कावीळ झाली होती, त्रिशला. त्या वर्षी गावात सात-आठ जणांना झाली होती. पाणी वाईट होतं."

"त्या सात-आठ जणांतलं दुसरं कोण मेलं?"

कुणीच मेलं नव्हतं.

"औषध चालू करायच्या आधी माझं पोरगं पिवळं न्हवतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी अडाणी हाय असं म्हणा. पण मी बघितलंय."

आतल्या खोलीतनं तिची सासू आली. ही तिची सख्खी आत्याच. भावाची मुलगी सून करून आणायची आमच्या भागात रीतच आहे. आक्का म्हणत सगळे तिला. ती उंबऱ्यावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पोरीचं मन भ्यालंय, इस्तरबाई. देव-भगत काय करत न्हाई ती. बस्तीत महावीरापुढं जाऊन नुसती बसून येती. तुम्ही सांगा."

एवढ्यात नवरा भूपाल मळ्यातनं आला. पाय धुवायलाही थांबला नाही. "कालचा डोस हिनं पाटात ओतला, सिस्टर. आज सकाळी पुन्हा फिट आली पोरीला. पाच मिनिटं. एक पोर गेलं, हे पण घालवायचंय का हिला?"

त्रिशलानं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती माझ्याकडंच बघत होती.

"मी औषधच नको म्हणत न्हाई. फिटवर एकच औषध हाय का जगात?"

"नाही, दुसरीही असतात."

"मग तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा. थोरल्या पोराला ह्येच दिलं हुतं, त्ये असं असं होऊन गेलं, तर हिला दुसरं चालंल का. सगळं सांगून विचारा. मी बोलले तर ते माझ्यावर खेकसतात, आणि मला नीट सांगायला येत न्हाई. तुम्ही विचारलं आणि तरी ते ह्येच द्या म्हणाले, तर मी देईन. तुमच्या देखत देईन."

यापेक्षा शहाणं बोलणं मी त्या गावात सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. पण तेव्हा मला ते तसं वाटलं नाही. एक हट्टी आई वाटेवर येतेय, एवढंच वाटलं.

गुरुवारी आम्ही दोघी राजमतीला घेऊन सकाळच्या एस.टी.नं मिरजेला गेलो. ते औषध लिहून देणारे मुलांचे डॉक्टर मोठे नावाजलेले. अथणीपासनं, जतपासनं माणसं त्यांच्याकडं यायची. नाडी न धरता नुसतं पोराकडं बघून ओळखतात असं लोक म्हणत. बाहेर व्हरांड्यात साठ-सत्तर बाया पोरं घेऊन बसलेल्या. तिथल्या कल्ल्यानं राजमती रडायला लागली, आणि रडून रडून फिट येईल म्हणून त्रिशला तिला घेऊन आवारातल्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. आमचा नंबर आला तेव्हा फाईल घेऊन मी एकटीच आत गेले.

दहा मिनिटांनी मी बाहेर आले. त्रिशला पोरीला खांद्यावर थोपटत होती.

"काय म्हणाले?"

"विचारलं. हेच द्यायचं म्हणाले. दुसऱ्याची गरज नाही."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "जिनूचं सांगितलं? सगळं?"

"सगळं."

तिनं मान हलवली. एस.टी. स्टँडवर बाकावर बसून मी चमच्यात औषध ओतलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते स्वतः राजमतीच्या तोंडाला लावलं. औषध गोड होतं. पोरीनं चमचा चाटला आणि पुन्हा तोंड उघडलं. त्रिशला पहिल्यांदाच हसली त्या दिवशी.

मग रोज सकाळी लसीची पेटी घेऊन निघायच्या आधी मी मळ्याकडं चक्कर मारायची. डोस माझ्या समोर व्हायचा. दहा-बारा दिवसांत फिट थांबल्या. राजमती पुन्हा पानवेली चढवलेल्या शेवरीच्या खोडांमधनं पळायला लागली, वेलींना धरून उभी राहून खालची कोवळी पानं तोडायला लागली, आणि आक्का तिला लटकं रागवायला लागली. भूपाल मला वाटेत भेटला की हात जोडायचा. त्रिशला माझ्याशी मनातलं बोलायला लागली. मला मूल नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. एकदा म्हणाली, "हिला तुमच्यासारखं नर्स करायचं. कळतं तरी माणसाला काय चाललंय ते." मी उपकेंद्रात परत येईपर्यंत माझ्या मनात ते बोलणं होतं. एवढी मी कधी स्वतःवर खूश नव्हते.

फेब्रुवारी गेला. मार्चच्या मध्यावर राजमती दूध नको म्हणायला लागली. उन्हाळा लागलाय, मी म्हणाले. मग ती दिवसा झोपायला लागली. औषधानं गुंगी येते, मी म्हणाले. दोनदा उलटी झाली. एक दिवस सकाळी मी पोचले तर ती पोरीला घेऊन अंगणात, उन्हात बसली होती. माझी वाटच बघत होती.

"सिस्टर, हिचं डोळं बघा."

मी राजमतीची खालची पापणी ओढली. बघायची गरज नव्हती. कोवळ्या उन्हात ते पिवळेपण दहा पावलांवरनं दिसत होतं.

पोर नऊ दिवस मिरजेच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी औषध बंद केलं. सलाइन लावली, रक्त दिलं, काय करता येईल ते सगळं केलं. त्यांनी कसर केली असं मी कधीच म्हणणार नाही. आठव्या दिवशी त्यांनी भूपालला बाजूला घेऊन यकृत निकामी झालंय म्हणून सांगितलं. भूपाल भिंतीला टेकून खाली बसला. नवव्या दिवशी दुपारी राजमती गेली. दोन वर्षं नऊ महिने वय.

गावात महावीर जयंतीची तयारी चालली होती, बस्तीपुढं मांडव घातला होता. आम्ही पोरीला घेऊन आलो तेव्हा मांडवातली माणसं उठून उभी राहिली. बायका रडत होत्या. त्रिशला रडली नाही. माझा हात तिच्या हातात होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुम्ही तर विचारलं हुतं. मग आता कुणाला बोल लावायचा?"

मी तिचा हात सोडवून घेतला आणि पाणी आणायला म्हणून आत गेले.

दोन महिन्यांत मी बदली मागून घेतली. आजारी आईचं कारण दिलं. त्रिशलानं पुढं मूल होऊ दिलं नाही, ऑपरेशन करून घेतलं, असं कुणाकडनं तरी कळलं. त्या गावच्या रस्त्याला मी पुन्हा गेले नाही.

पंधरा वर्षं गेली. मी निवृत्त होऊन मिरजेत माझ्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांत राहत होते. दोन हजार एकोणीसचा फेब्रुवारी. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर त्रिशला उभी. केस पिकले होते, पण चेहरा ओळखीचाच. काखेत एक निळी फाईल.

"पत्ता काढत आले," ती म्हणाली. "हे इंग्लिशमधलं वाचून दाखवा. माझ्या माणसांत वाचणारं दुसरं कोण न्हाई."

फाईल तिच्या नणंदेच्या नातीची होती. नणंद कमळ, भूपालची बहीण. तिच्या मुलाचं लग्नही नात्यातच झालेलं. त्याची मुलगी अन्वी दीड वर्षाची, आणि तिला फिट यायला लागल्या होत्या. तिला थेट पुण्याला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. आता निकाल आला होता. तिथं कमळला बोलता बोलता आठवलं की भावाची दोन पोरं अशीच गेली. डॉक्टरबाईंनी निकालाची प्रत काढून दिली आणि सांगितलं, त्या मुलांच्या आईला मला फोन करायला सांगा.

मी चष्मा लावून वाचायला लागले. चार पानं बारीक अक्षरांत. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण पहिल्या पानावर, चौकोनात, ठळक अक्षरांत एक ओळ होती ती मला नीट कळली. त्यात एका औषधाचं नाव होतं आणि ते या रुग्णाला कधीही देऊ नये असं लिहिलं होतं.

"काय लिव्हलंय?" त्रिशलानं विचारलं.

"फोन लावू या," मी म्हणाले. "त्याच नीट सांगतील."

डॉक्टरबाईंचा आवाज तरुण होता. मी फोन दोघींच्या मध्ये ठेवला, आवाज मोठा केला.

"ताई, तुम्हाला समजेल असं सांगते," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अगदी बारीक बारीक चुली असतात असं समजा. खाल्लेल्या अन्नाची ताकद तिथं तयार होते. त्या चुलींचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. त्या कशा चालवायच्या ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. नव्या चुली होताना त्या लिखाणाची नक्कल करावी लागते. हे काम करणारं एक एन्झाइम आहे, पॉलिमरेज गॅमा नावाचं. ते नक्कल करतं, आणि नक्कल करताना चुकलेलं अक्षर खोडून दुरुस्तही करतं. अन्वीच्या शरीरात ते नीट काम करत नाही. मग मेंदू, यकृत, ज्यांना जास्त ताकद लागते, तिथल्या चुली हळूहळू विझत जातात."

"हे कशानं हुतं?"

"आईकडनं एक आणि वडलांकडनं एक, असे दोन्ही जीन बिघडलेले आले तर. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, त्यांना कळतही नाही. तुमच्या मुलांचंही तेच असावं. तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं रक्त तपासलं की नक्की सांगता येईल."

"म्हंजे मी आणि त्यांनी मिळून दिलं."

"कुणी मुद्दाम देत नाही, ताई." मग त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या मुलांना फिटवर कोणतं औषध होतं? आठवतंय?"

"लाल. गोड असायचं," त्रिशला म्हणाली.

औषधाचं नाव मी सांगितलं. सोडियम व्हॅलप्रोएट.

"चांगलं औषध आहे ते," मग डॉक्टरबाई म्हणाल्या, शब्द जपून. "लाखो मुलांना लागू पडतं. पण ज्यांचं हे एन्झाइम बिघडलेलं असतं त्यांचं यकृत त्यानं काही आठवड्यांत जाऊ शकतं. म्हणून निकाल येईपर्यंत आम्ही अन्वीला ते दिलं नाही, दुसरं दिलं. तुमच्या मुलाच्या वेळी हे कुणाला कळणं शक्यच नव्हतं. पण मुलीच्या वेळी... भावाचं यकृत याच औषधावर असताना गेलं, हे डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

"सांगितलं हुतं की," त्रिशला लगेच म्हणाली. "आमच्या सिस्टरनी सांगितलं हुतं. त्या हितंच बसल्यात."

"मग त्यांनी बदलायला हवं होतं. एन्झाइमचं तेव्हा माहीत नसलं तरी एवढं कळल्यावर सहसा कुणी तेच औषध पुन्हा देत नाही. अर्थात मूळ आजार राहतोच, मुलगी किती जगली असती ते मी नाही सांगू शकत."

फोन बंद झाला. त्रिशला पदरानं तोंड पुसत होती. "बघा," ती म्हणाली, "त्या डॉक्टरनं ऐकूनसुदिक तेच दिलं. गेले न्हवं ते?"

गेले होते. पाच वर्षांपूर्वी. त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेले होते, आणि अर्ध्या वाटेतनं परत आले होते.

"त्रिशला," मी म्हणाले, "मी त्यांना विचारलं नव्हतं."

तिला कळलं नाही. "काय न्हवतं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगत होते तरी तसं वाटत नव्हतं, कारण मनातल्या मनात मी ते हजारदा सांगितलं होतं. त्या गुरुवारच्या दोन महिने आधी दुसऱ्या एका पोराच्या डोसबद्दल मी त्या डॉक्टरांना शंका विचारली होती. त्यांच्याभोवती शिकाऊ डॉक्टर उभे होते. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही लस टोचा. औषध कुठलं ते माझ्यावर सोडा." ती शिकाऊ पोरं हसली. मी फाईल उचलून बाहेर आले, आणि रस्ताभर माझे कान तापलेले होते.

त्या गुरुवारी आत गेले तेव्हा तीच पोरं तिथं उभी होती. मी टेबलापाशी नंबर लावून उभी राहिले. मनात त्रिशलाचं वाक्य घोकत होते. डॉक्टर दुसऱ्याची चिठ्ठी लिहीत होते. "बोला," ते म्हणाले.

"औषध आजपासनं सुरू करतोय, सर," मी म्हणाले. "आई जरा भितेय."

"समजवा तिला. तुम्हाला ते छान जमतं." एवढं म्हणून त्यांनी माझी फाईल ओढली. "आधीचं मूल गेलंय ना यांचं? कशानं?"

"कावीळ होऊन, सर."

"बरं." त्यांनी सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मला फक्त आणखी एक वाक्य बोलायचं होतं. पण पोरं बघत होती, डॉक्टरांनी आत्ताच माझं कौतुक केलं होतं, आणि ते मला खरंच गोड लागलं होतं. शिवाय मला वाटत होतं, विचारून उत्तर तेच येणार आहे. बाहेर येऊन मी ते उत्तर माझ्याच तोंडानं सांगितलं.

शेजारच्या घरात चालू असलेला बहिणीचा रेडिओ बंद झाला.

"विचारलं न्हवतं," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा तेच म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाला सांगतेय.

"नाही."

"आणि राजू पिवळी पडली, तवा? दवाखान्यात नऊ दिवस हुतो. तवा तरी सांगायचं."

"तेव्हाही नाही सांगितलं. तेव्हा तर जास्तच भीती वाटली."

"मी पंधरा वर्षं माझ्या कर्माला बोल लावला, सिस्टर."

तिनं कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, फाईलची नाडी बांधली. मी तिला बस म्हणू शकले नाही. दारात तिनं चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाते."

आमच्याकडं निघताना कुणी "जाते" म्हणत नाही. "येते" म्हणतात. ती "जाते" म्हणाली, आणि गेली.

अकरा दिवसांनी तिचा फोन आला. मी नाव बघून उभीच राहिले.

"गुरुवारी अन्वीला पुण्याला दाखवायचंय," ती म्हणाली. "तिच्या आईबापाचं डॉक्टरांपुढं तोंड उघडत न्हाई. मी जाणार हाय बरोबर. तुम्ही पण यायचं."

"मी? मलाच कशाला नेतेस, त्रिशला?"

"डॉक्टर काय म्हणतील ते सगळं आम्हाला सांगायचं. आणि आम्ही काय म्हणतो ते सगळं त्यांना."

"दुसरं कुणीतरी शिकलेलं..."

"दुसरं कुणी चुकंल," ती म्हणाली. "तुम्ही आता चुकायच्या न्हाईत."

तिनं मला माफ केलं, असं कुणी समजू नये. पुढच्या चार वर्षांत तिनं ते कधी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पुण्याला जायचो, कोरोनाच्या साथीच्या काळात फोनवरनं बोलायचो. मी वहीत लिहून न्यायची: किती फिट आल्या, किती वेळ टिकल्या, काय खाल्लं, काय ओकलं, आईला कशाची शंका आहे. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर मी एकेक ओळ वाचायची. कधी त्या घाईत असल्या तरी थांबायची नाही. परतीच्या प्रवासात त्रिशला मागच्या बाकावरनं विचारायची, "शेवटची ओळ बी सांगितली न्हवं?" आणि मी वही मागं द्यायची. तिला मराठी वाचता येत होतं. ती बोट ठेवून वाचायची.

त्या घराण्याच्या सोळा-सतरा घरांत आम्ही दोघी फिरलो. ज्यांना लग्नं जमवायची होती त्यांना रक्त तपासायला सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. एका घरातनं तर आम्हाला उंबऱ्यावरनंच परतवलं, पोरींची लग्नं मोडाल म्हणून. त्रिशला त्या घरी पुन्हा दोनदा गेली.

अन्वी मोठी गोड पोर होती. चालायला उशिरा लागली, पण लागली. हात धरून मळ्यात यायची. त्रिशलाला मोठी आज्जी म्हणायची, मला नुसतंच "टर" म्हणायची. चार वर्षांची झाल्यावर अंगणवाडीत दोन महिने गेली. मग डोळ्यांना कमी दिसायला लागलं, मग पाय राहिले, मग गिळणं. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही, आणि त्या म्हणाल्या त्यातलं मीही घरच्यांपासनं काही लपवलं नाही. दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये ती घरीच, आईच्या कुशीत गेली. साडेपाच वर्षांची होती.

तिचे दिवस झाल्यावर मी नागरहट्टीला त्रिशलाकडं गेले. आक्का कधीच वारली होती, भूपाल बाजारला गेला होता. त्रिशला मळ्यात होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकूनही ती खुडत राहिली. मी तिच्या बाजूच्या वाफ्यात उभी राहिले. उन्हाळा होता तरी वेलींखाली गार होतं.

"पाटीवर नाव काढलं हुतं तिनं अंगणवाडीत," ती म्हणाली. "अ उलटा काढला हुता. बाईंनी पाटी पुसली न्हाई, मला दाखवायला ठेवली."

"मी बघितली होती."

"आज्जी म्हणायला शिकली. पाऊस बघितला, जत्रा बघितली, मामाच्या लग्नात नटली." ती पानं खुडत होती, एकेक देठ नखानं तोडत होती. "तिचं दुखणं तिला चुकलं न्हाई. पण एवढं तरी मिळालं तिला."

मी करंडी तिच्याजवळ सरकवली.

"राजूला पण एवढं मिळालं असतं, सिस्टर."

कुणाच्या हातात का असतं ते, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं. जिथं मरण झालंय त्या प्रत्येक घरात मी ते म्हटलं होतं, चाळीस वर्षं. डॉक्टरबाईंनीसुद्धा सांगितलं होतं की नक्की काहीच सांगता येत नाही. ते म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "मिळालं असतं."

तिनं मान हलवली. ओंजळीतली पानं करंडीत ठेवली आणि पुढच्या वेलीकडं गेली.